माथेरानची दुपार

'माथेरानला सकाळी पॅनोरमा आणि संध्याकाळी सनसेट पॉइंट, मधल्या उन्हात हॉटेलवरच बसावं लागतं' असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. हिवाळ्यातलं ऊन तिथे झाडांतूनच गाळून येतं. बाजारातून निघून शार्लोट लेकच्या वाटेला लागा; लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना दाट झाडी. तळ्याकाठी पिसरनाथाचं देऊळ आहे, तिथे निवांत टेका. पुढे लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगड लख्ख दिसतो, आणि त्यासाठी भर दुपारच बरी, कारण सकाळी दरीत बहुधा धुकं असतं.

आणखी एक: मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरानपर्यंत छोट्या रेल्वेची शटल मिळते. नेरळहून येणारी छोटी रेल्वे चुकली तरी १९०७ सालच्या त्या चिमुकल्या रुळांवरून शेवटचा टप्पा जाता येतं. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती नक्की घ्यावी.