दुसऱ्या राज्यात स्पीडिंगचं तिकीट, तेही विशीच्या आसपास: तुमचे अनुभव लिहा

पारिजात_एनजे
परवा रात्री भाच्याचा फोन आला, मामी जागी आहेस का, आवाजावरूनच कळलं काहीतरी झालंय. वय १९, न्यू जर्सीचं लायसन, मित्रांबरोबर नॉर्थ कॅरोलिनाला निघालेला, व्हर्जिनियात आय-९५ वर ७० मैलांच्या लिमिटला ९१ ने पकडला. पोलीस नीट बोलला, सही घेतली, कागद दिला. पोरगं म्हणतंय मी ऑनलाइन भरून टाकतो पण साइटवर भरायचं बटणच येत नाहीये. येणार कुठून, कागदावर कलम आहे ४६.२-८६२, रेकलेस म्हणजे बेदरकार ड्रायव्हिंग. व्हर्जिनियात लिमिटच्या वर २० किंवा कुठेही ८५ च्या पुढे गेलं की ते साधं तिकीट राहतच नाही, क्लास १ मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी. पूर्वी ८० ची रेघ होती, २०२० च्या जुलैपासून ८५ झाली. कायद्यात वर्षभरापर्यंत कैद आणि २५०० डॉलरपर्यंत दंड लिहिलाय. पहिल्याच वेळी ९१ ला कोणी सहसा आत टाकत नाही, पण रेकॉर्डवर गुन्हा लागू शकतो ना.

ते ऐकलं आणि मला एमएसच्या दिवसातली आमची रूममेट आठवली. मी मध्यरात्री पाणी प्यायला उठले तर ही ओट्याशी उभी राहून मनीऑर्डरवर कोर्टाचं नाव लिहितेय, लाइट पण लावला नव्हता, फक्त चिमणीखालचा छोटा दिवा. शेजारच्या राज्यात तिकीट मिळालं होतं, कोणाला बोलली नव्हती, घरी तर नाहीच. पैसे भरले म्हणजे गुन्हा कबूल केला असा अर्थ होतो हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. इन्शुरन्स रिन्यूअलला आला तेव्हा आकडा बघून ती रडली, असिस्टंटशिपमधून भागवायची बिचारी.

दंडाचं काय, आपण भरू. मुलं घाबरून गप्प बसतात आणि एकटी निर्णय घेतात याची मला खरी काळजी आहे. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा, कुठलं राज्य ते जरूर लिहा कारण नियम सगळीकडे वेगळे.

रिचमंडकर
ताई पहिलं काम, कोर्टाची तारीख चुकवू नका. आमच्या मुलाचं याच कलमाखाली झालं होतं. वकील त्याच काउंटीतला घ्या जो त्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात नेहमी उभा राहतो, न्यू जर्सीतला मोठा वकील इथे उपयोगाचा नाही. बऱ्याचदा तोच मुलाच्या वतीने उभा राहतो, यावं लागेल का ते त्यालाच विचारा. आम्ही दोन कागद आधीच तयार ठेवले, गाडीच्या स्पीडोमीटरचं कॅलिब्रेशन करून घेतल्याचं सर्टिफिकेट आणि ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट क्लिनिक (ड्रायव्हिंग सुधारायचा कोर्स) पूर्ण केल्याचं. जजने ते हातात घेऊन वाचले, चष्मा वर करून मुलाकडे बघितलं, कॉलेजात काय शिकतोस विचारलं, आणि इम्प्रॉपर ड्रायव्हिंगवर आणलं. त्यात फक्त दंड असतो, जास्तीत जास्त ५०० डॉलर, गुन्हेगारी शिक्का नाही. रेकलेस लागलं असतं तर व्हर्जिनियाच्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर ११ वर्षं राहतं.

पारिजात_एनजे
खूप खूप आभार दादा. कॅलिब्रेशनचं डोक्यातच आलं नव्हतं. गाडी माझ्या नणंदेची आहे, उद्याच सांगते.

झटपट_झुणका
बाळ सुखरूप आहे ना? ते आधी. बाकी होईल सगळं.

लेकुरवाळी_डलास
भाकऱ्या थापता थापता लिहितेय चुका सांभाळून घ्या. टेक्सासमध्ये डिफर्ड डिस्पोझिशन मागता येतं, ठरलेल्या मुदतीत दुसरं तिकीट नाही मिळालं की केस डिसमिस. वय २५ च्या खालच्यांना त्यासोबत ड्रायव्हिंग सेफ्टीचा कोर्स करावाच लागतो. नुसता कोर्स करून तिकीट घालवायचं असेल तर टेक्ससचं लायसन लागतं, त्यामुळे ओक्लाहोमाच्या पोरांनी कोर्टाच्या क्लार्कला फोन करून डिफर्डचं विचारा. क्लार्क बायका फार चांगल्या असतात, मॅम म्हणून बोललं की सगळं समजावून सांगतात. लिमिटच्या वर २५ किंवा जास्त असेल तर मात्र कोर्सवालं दार बंद. चला तवा तापला

नाशिकचा_चिवडा
आमच्याकडे लेकाने गाडी गोव्याला नेली आणि स्पीडचं चलान माझ्या मोबाइलवर 😄 तो तिकडे बीचवर, मी इकडे ऑफिसात मेसेज वाचतोय. मोटार वाहन कायद्यात कारला १००० ते २००० आहे ओव्हरस्पीडला. फोन केला तर म्हणे बाबा तुम्हाला कसं कळलं!

पारिजात_एनजे
😂 तुमच्याकडे कॅमेरा गाडीच्या मालकाला पकडतो. इकडे पोलिसाने थांबवून दिलेलं तिकीट चालवणाऱ्याच्या नावावर असतं, म्हणून तर आईबापांना पत्ताच लागत नाही.

ओहायोची_सून
आम्ही क्लीव्हलंडहून शिकागोला, २०११ चं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन, इंडियाना टोल रोड. धाकटा दीर चालवत होता, वय २१, मागे आजेसासूबाई आणि मांडीवर लाडवांचा डबा. पोलीस खिडकीशी आला, दिराचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, घामाघूम. आजी मराठीतून म्हणतायत अरे उन्हातान्हाचा उभाय त्याला पाणी तरी विचार, लाडू दे. मी त्यांचा हात घट्ट धरून ठेवला कारण इथे पोलिसाला काही देऊ केलं तर भलताच अर्थ निघायचा. पोलिसाने आजींकडे बघून मॅम हॅव अ सेफ ट्रिप म्हटलं आणि दिराच्या हातात तिकीट ठेवलं. पुढे त्या काउंटीत डिफरल मिळालं. फी भरायची, मुदतीत परत तिकीट नाही झालं की केस जाते. ते आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं.

टोळधाड
@ओहायोची_सून २०१० च्या आसपास कोलंबसला होतात का हो? लेन अव्हेन्यूजवळ एक कुटुंब होतं दर गणपतीला मोदक करायचं

ओहायोची_सून
ती माझी मोठी जाऊ!! तुम्ही ते मेकॅनिकलचे का, सायकलवरून यायचे?

टोळधाड
तोच! वहिनींना नमस्कार सांगा. विद्यार्थीदशेतलं घरचं जेवण म्हणजे तेच. कोलंबसवरून आठवलं, तिथे पश्चिमेला न्यू रोम नावाचं गाव होतं, वस्ती ६० च्या आसपास, आणि गावाचा कारभार तिकिटांवर चालायचा. शेवटी २००४ मध्ये कोर्टाने गावच बरखास्त केलं. ओहायोत छोट्या गावांची मेयर्स कोर्ट असतात, तिथलं तिकीट आलं तर घाबरू नका, केस म्युनिसिपल किंवा काउंटी कोर्टात नेता येते.

कोथरूडची_आई
मी इथे नवीन आहे. माझा मुलगा ॲरिझोनात एमएस करतोय, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. त्याला ८८ च्या स्पीडला पकडलं, त्यावर क्रिमिनल असं लिहिलंय म्हणतो. मला रात्रभर झोप नाही. व्हिसा जाईल का? परत पाठवतील का? कृपया कोणीतरी सांगा.

वाळवंटातली_बाभळ
काकू आधी पाणी प्या. ॲरिझोनात ८५ च्या वर गेलं की क्रिमिनल स्पीडिंग लावतात, क्लास ३ मिसडिमिनर, तिथल्या मिसडिमिनरमधला सगळ्यात खालचा. मी टेम्पीला शिकत होते, हे बऱ्याच मुलांच्या बाबतीत बघितलंय. वकील किंवा कधीकधी सरकारी वकीलच ते साध्या सिव्हिल स्पीडिंगवर आणतात. मुलाला तीन माणसांशी बोलायला सांगा, पण कोर्टात काहीही कबूल करायच्या *आधी*: युनिव्हर्सिटीचं स्टुडंट लीगल सर्व्हिसेस असेल तर तिथे (बहुतेक ठिकाणी फुकट किंवा नाममात्र फी), इंटरनॅशनल ऑफिसमधले डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारे अधिकारी), आणि एक इमिग्रेशन वकील. पुढे व्हिसा स्टँपिंगला डीएस-१६० फॉर्म भरताना अटक किंवा दोषी ठरणं विचारतात, तेव्हा निकालाचा कोर्टाचा शिक्क्याचा कागद हाताशी पाहिजे. आत्ताच मागून ठेवायला सांगा, वर्षांनी शोधणं कठीण.

रिचमंडकर
बाभळ म्हणतायत ते अगदी बरोबर, एक भर घालतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये कितीतरी विद्यार्थ्यांची सेव्हिस रेकॉर्ड (सरकारकडची परदेशी विद्यार्थ्यांची नोंद) अचानक बंद केली होती आणि त्यात निव्वळ ट्रॅफिकची किरकोळ प्रकरणं असलेली मुलंही होती, मग मुलं कोर्टात गेली आणि रेकॉर्ड पुन्हा चालू झाली. काकू तुम्हाला घाबरवायला नाही सांगत. पण एफ-१ वरच्या मुलाने वकिलाचे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे, इथे नागरिक असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी.

कोथरूडची_आई
देव तुमचं भलं करो. त्याला सगळं जसंच्या तसं पाठवलं. तो म्हणाला आई तू कोणाकोणाला सांगत फिरतेस, पण बाबाशी बोलला नीट.

मिसळ_विथ_ब्रेड
टोरांटोवाल्यांनी लक्ष द्या. बफेलोच्या बाजूला गेलात की बोर्ड मैलात आणि आपल्या गाडीचा मोठा काटा किलोमीटरमध्ये. ६५ म्हणजे साधारण १०५. बहुतेक नवीन गाड्यांत डिस्प्ले मैलांवर करता येतो, ब्रिज ओलांडायच्या आधीच करा. आणि ऑन्टारियो-न्यूयॉर्क करार आहे, तिकडच्या स्पीडिंगचे डिमेरिट पॉइंट (लायसनवर चढणारे वाईट गुण) इकडे लागतात. जी२ म्हणजे नवशिक्यांच्या लायसनवाल्या मुलांना पॉइंटची मर्यादा आधीच कमी. माझ्या पुतणीला वाटत होतं बॉर्डर ओलांडली की संपलं.

चहाबाज
कॅलिफोर्नियात तिकीट आणि राहायला नेवाडात, असं बायकोच्या भावाचं होतं, वय २२. परत एवढं लांब जायला नको म्हणून ट्रायल बाय रिटन डिक्लेरेशन केलं. टीआर-२०५ फॉर्म, दंडाइतके पैसे बेल म्हणून आधी भरायचे, आपली बाजू लिहून पाठवायची, पोलीस त्याची लिहितो, जज कागदांवरून निकाल देतो. सुटलो तर पैसे परत, नाही सुटलो तर २० दिवसात नव्याने प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. त्याने रस्त्याचे फोटो लावले होते, लिमिटचा बोर्ड झाडाच्या फांदीमागे पूर्ण झाकलेला. सुटला. फोटो लगेच काढा, महिन्याने ती फांदी छाटलेली होती.

ढोलताशा_अटलांटा
जॉर्जियाचं कोणी लिहिलं नाही अजून. दुपदरी रस्त्यावर ७५ किंवा कुठल्याही रस्त्यावर ८५ आणि वर गेलं की सुपर स्पीडर, २०१० पासून. कोर्टाचा दंड वेगळा आणि वर राज्याचे २०० डॉलर, त्याची नोटीस *मागाहून* पोस्टाने येते. विद्यार्थी ऑगस्टमध्ये घर बदलतात, नोटीस जुन्या पत्त्यावर, मुदत टळली की लायसन सस्पेंड आणि पन्नास जास्तीचे. आमच्या ढोल पथकातल्या दोघांचं असंच झालं. पत्ता बदलला की लायसनवर लगेच बदला. आणि २१ च्या आतल्या जॉर्जियाच्या लायसनवाल्यांनी लिमिटच्या वर २४ किंवा जास्त असेल तर आधी वकील, मग बाकीचं, कारण दोषी ठरलं की लायसनच जातं.

सईची_आत्या
"दुसऱ्या राज्यातलं तिकीट सोडून द्या, त्यांना काय कळतंय" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. बहुतेक राज्यं ड्रायव्हर लायसन कॉम्पॅक्ट या आपसातल्या करारात आहेत, आपल्या राज्याला कळवतात. आणि तिकिटाला उत्तरच दिलं नाही तर दुसरा नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट आहे, त्यात आपलंच राज्य लायसन सस्पेंड करतं. माझ्या चुलतदिराचं आयोवात तिकीट, लायसन इलिनॉयचं, मधे तो भारतात गेला. परत आला, नोकरीचा पहिला आठवडा, गाडी भाड्याने घ्यायला काउंटरवर उभा, मागे लाइन, आणि त्या बाई म्हणतात तुमचं लायसन व्हॅलिड नाही.

पारिजात_एनजे
अगदी. आणि न्यू जर्सीचं सांगते, बाहेरच्या राज्यातल्या मूव्हिंग व्हायोलेशनला इथे २ पॉइंट लागतात. न्यूयॉर्कचं लायसन असेल तर बाहेरच्या राज्यातल्या स्पीडिंगचे पॉइंट चढत नाहीत, ऑन्टारियो आणि क्यूबेकचे मात्र चढतात. पण पॉइंट नाहीत म्हणून इन्शुरन्स वाढणार नाही असं समजू नका, ते रेकॉर्ड स्वतःचं बघतात.

झटपट_झुणका
आईला परवा मेसेज आला, तुमचं ट्रॅफिक तिकीट थकलंय आज रात्री भरा नाहीतर लायसन बंद, खाली लिंक. आई गाडीच चालवत नाही 😄 ही फसवणूक खूप चालू आहे. खऱ्या तिकिटाच्या कागदावर कोर्टाचा नंबर छापलेला असतो, फक्त तिथेच फोन करा.

ताक_घुसळणारा
मी स्वतः १९ चा आहे, इथेच वाढलोय, मराठी टाइप करायला वेळ लागतो सॉरी. आमच्यातली मुलं घरी सांगत नाहीत कारण पहिलं वाक्य "गाडीची चावी दे" असतं. माझ्या आईने पहिलं विचारलं तू ठीक आहेस ना, मग आम्ही दोघांनी बसून तिकीट वाचलं, कलम शोधलं. मस्ट अपिअरच्या (कोर्टात यावंच लागेल) चौकटीत खूण होती, मी ती बघितलीच नव्हती. म्हणून आईबाबा लोकांना रिक्वेस्ट.

ओहायोची_सून
किती छान लिहिलंस रे. टाइप करत राहा.

लेकुरवाळी_डलास
डोळ्यात पाणी आलं. माझा १६ चा आहे, आत्ताच परमिट घेतलंय. आज रात्रीच बोलते त्याच्याशी

टोळधाड
@लेकुरवाळी भाकऱ्या कशाच्या होत्या? डलासला चांगलं ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, इकडे मिळतं ते थापताना तुटतं

लेकुरवाळी_डलास
ज्वारीच्याच. पीठ जुनं असेल, उकळत्या पाण्यात उकड काढून बघा नाही तुटणार

पारिजात_एनजे
वकील मिळाला, त्याच काउंटीतला. तो म्हणाला कॅलिब्रेशन करा, क्लिनिक करा, बाकी मी बघतो. भाच्याने आईवडिलांना स्वतः सांगितलं. रिचमंडकर, ते क्लिनिक ऑनलाइन केलं तर चालतं का? त्याच्या परीक्षा आहेत.

रिचमंडकर
वकिलालाच विचारा, काही जज ऑनलाइन धरतात, काही वर्गात बसल्याचंच मागतात. आणि मूळ सर्टिफिकेट वकिलाकडे आधी पोचू द्या, मुलाच्या बॅगेत नको.