गावित बहिणींचा फोटो पुन्हा ग्रुपवर: सावधगिरी की दुसऱ्या राईनपाड्याची तयारी?

बालाघाटकर (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यापासून आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक गावच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींचे जुने फोटो, आणि खाली ‘टोळी पुन्हा सक्रिय, लेकरं सांभाळा, संशयित दिसला की आधी धरा, मग पोलिसांना फोन करा’. परवा बाजाराच्या दिवशी स्टँडवर केसांवर भांडी देणाऱ्या एका बाईला लोकांनी कोंडाळं करून बसवलं. कडेवर तिचंच लेकरू होतं आणि लोक तिला त्याचं आधार कार्ड मागत होते. (स्वतःच्या पोराचं आधार खिशात घेऊन बाजाराला कोण जातं?) पोलीस पाटील वेळेवर आले म्हणून निभावलं, नाहीतर राईनपाड्यासारखं झालं असतं, जिथं २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावानं मारून टाकलं.

नव्या पोरांना प्रकरण माहीत नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या या दोन मुलींनी कोल्हापूर, पुणे, नाशिककडून लहान लेकरं पळवली. जत्रेत, देवळात पाकीट मारायचं आणि सापडलं की कडेवरचं लेकरू पुढं करून गर्दीची दया मिळवायची. लेकरू नडायला लागलं की संपवायचं. तेरा अपहरणं झाली. त्यातले पाच खून अपिलातही टिकले. अंजनाबाई खटला सुरू होण्याआधीच कोठडीत मेली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला.

आता फॉरवर्डवाले काय सांगत नाहीत ते बघा. या तिघी काही जमावानं अनोळखी बाई धरली म्हणून सापडल्या नाहीत. अंजनाबाईच्या आधीच्या नवऱ्याची, दुसऱ्या बायकोपासूनची मुलगी गायब झाली. संशय कुणावर घ्यायचा हे त्या घराला ठाऊक होतं, तक्रार झाली, आणि १९९६ च्या नोव्हेंबरात अटक झाली. बाकीच्या आईबापांकडं घ्यायला नाव नव्हतं. आणि गर्दी काय करत होती? लेकुरवाळी बाई आहे म्हणून पाकीटमारीला सोडून देत होती. म्हणजे गर्दीनं ज्यांना सोडलं त्या खऱ्या होत्या, आणि आज धरते त्या खोट्या. असला मेसेज टाकणाऱ्याला ग्रुपवरून काढावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कळंबचा शेतकरी

सर, तुमचं लिहिणं झकास, पण रानातल्या माणसाचं काळीज तुम्हाला कळंना. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, चुना वेचायच्या दिवशी माझा भाचा हरवला व्हता. माईकवाला इचारतोय, चड्डीचा रंग सांगा. घरची आठ माणसं उभी, एकालाबी सांगता येईना. बहीण नुसतीच खाली बसली. सापडला बाबा, रसवंतीच्या मागं. तवापासून आमच्या घरात यात्रेत लेकराचा हात कुणी सोडत नाही. ह्ये भीतीनंच झालं ना? मंग तीच भीती मेसेजनं चार घरांत गेली तर तुमचं काय गेलं? मेसेज मीबी टाकलाय, आणि काढणार नाही.

परळी एक्स्प्रेस

मुद्दा भरकटतोय. खरा प्रश्न हा की त्या दोघी अजून जिवंत कशा? २००१ ला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा सुनावली, २००६ ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. आणि १८ जानेवारी २०२२ ला हायकोर्टानं जन्मठेप केली! असल्या राक्षसिणींना सरकारी भाकरी मिळत असेल तर लोक कायदा हातात घेणारच. लोकांना दोष देऊ नका.

लातूरचा वकील

दादा, तारखा बरोबर आहेत, निष्कर्ष नाही. फाशी रद्द झाली ती त्यांची दया आली म्हणून नाही. दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळजवळ आठ वर्षं फिरत राहिला, आणि हायकोर्टानं ताशेरे ओढले ते त्या ढिलाईवर. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून अकारण उशीर हा फाशी कमी करायचा आधार आहे, ही गोष्ट मंत्रालयातल्या कारकुनालाही माहीत असते. त्या दोघींनी सुटका मागितली होती, ती मिळाली नाही. राग काढायचाच तर त्या फाइलींवर काढा, स्टँडवरच्या बाईवर कशाला?

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण झालंय असं धरून तपास करायचा. ‘दोन दिवस वाट बघा, येईल’ हे ठाण्यात ऐकून परत यायचं नाही. हद्द आपली नसली तरी शून्य क्रमांकानं गुन्हा घ्यावा लागतो.

फडावरची लेक

वकीलसाहेब, कायदा ठीक आहे, पण मी तुम्हाला ऊसतोडीचा फड सांगते. मी केजकडची. दिवाळी झाली की मायबाप मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्याकडून, आगाऊ उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडं जायचे, आम्ही भावंडं टायरगाडीवर भांड्याकुंड्यांबरोबर. पहाटे अंधारात ती दोघं उसात आणि कोपीत धाकट्याला सांभाळायला मी, तेव्हा दुसरीत. कोपीला दार नसतं, पाचटाचा आडोसा असतो. एकदा मी पाण्याला गेले आणि भाऊ गायब. बाप कोयता तसाच हातात घेऊन ठाण्यात गेला. तिथं पहिला प्रश्न, मुकादम कुठला? दुसरा, तुमच्या गावाकडं तक्रार द्या. लेकरू इथं हरवलंय आणि तक्रार बीडला द्यायची! शेवटी संध्याकाळी तो शेजारच्या ऊसतोड मजुरांच्या कोपीत झोपलेला सापडला. तिथल्या म्हातारीनं त्याला भाकरी खाऊ घातली होती.

आता कळंबच्या दादांना विचारते. त्या म्हातारीच्या मांडीवर परक्याचं लेकरू होतं. तुमचा मेसेज त्या दिवशी त्या गावात फिरत असता तर तिचं काय झालं असतं? आणि आमचं? तिकडं परगावचे, मळके, कडेवर लेकरू घेऊन फिरणारे अनोळखी आम्हीच असतो.

पण बालाघाटकर सर, तुमच्याशीही माझं पटत नाही. मेसेज बंद करून लेकरं सुरक्षित होत नाहीत. माझ्या मायला फोटो बघून भीती वाटते ती खोटी नाही, कारण तिच्या लेकराची नोंद कुठंच नसते. गावातल्या शाळेच्या हजेरीवर असतं, पण ते शाळेत नसतं. कारखान्याकडं नाव असतं ते कोयत्याचं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचं. हंगामी वसतिगृहं आहेत, पण ती शाळेतल्या पोरांना. तीन वर्षांच्या पोराला मागं कुणाकडं ठेवणार?

माळेगाव यात्रेचा वारकरी

मी नाथपंथी डवरी गोसावी, गावोगाव भिक्षा मागत फिरणाऱ्या समाजाचा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी मारलेले पाचही आमच्या समाजाचे. बहुतेक मंगळवेढ्याकडचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. कारण काय, तर मुलं पळवणारे. त्याच्या काही आठवडे आधी आपल्याच वैजापूर तालुक्यात चांडगावला चोर समजून दोघं मारले. आमच्यातले म्हातारे आता नव्या गावात शिरायच्या आधी ठाण्यात आधारची झेरॉक्स देऊन येतात. भिक्षा मागायला झेरॉक्स! आणि कळंबच्या दादा, भीती आम्हालाबी आहे. आमचीबी लेकरं पालावर उघडीच असतात. त्यांच्यासाठी मेसेज कोण फिरवतं?

परळी एक्स्प्रेस

राईनपाडा वाईटच झालं, त्याचं समर्थन कुणी केलं इथं? पण दोन-चार चुका झाल्या म्हणून सगळ्या गावांनी डोळे मिटून बसायचं का?

फडावरची लेक

सात जीव गेले, त्याला दोन-चार चुका म्हणतात होय दादा?

बालाघाटकर

ताई, नोंदीचा मुद्दा मान्य. फडाचं जे गाव आहे तिथल्या अंगणवाडीताईंनी हंगामात कोप्यांवर जाऊन लेकरांची नावं, मायबापाचा आणि मुकादमाचा मोबाइल लिहून घेतला, तर निदान ठाण्यात ‘मुकादम कुठला’ हे विचारायची वेळ येणार नाही. पण मेसेजबद्दल मी हटणार नाही. ज्या बहिणी पंचवीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात आहेत त्यांच्या फोटोखाली ‘पुन्हा सक्रिय’ लिहिणं ही सावधगिरी नाही, उघड खोटं आहे.

कळंबचा शेतकरी

ताईनं म्हातारीचं सांगितलं ते मनाला लागलं. ‘आधी धरा’ ही ओळ काढतो. त्या जागी ११२ आणि चाइल्डलाइनचा १०९८ टाकतो, आन् ‘ठाण्यात गुन्हा नोंदवून मागा’ ह्येबी लिहितो, वकीलसाहेबांचं.

बालाघाटकर

आणि फोटो?

कळंबचा शेतकरी

फोटो ऱ्हाणार. बिनफोटोचा मेसेज आमच्या ग्रुपवर कुणी उघडूनबी बघत नाही, सर.