लाल झगे टांगून काय साधतं?

प्रेअरीकर:
५ मे, म्हणजे 'रेड ड्रेस डे' जवळ आला की कॅनडात झाडांच्या फांद्यांवर रिकामे लाल झगे दिसू लागतात. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रिया-मुलींची ती आठवण. मूलनिवासी म्हणजे फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट. मेटी कलाकार जेमी ब्लॅक यांनी २०१० मध्ये हे सुरू केलं. तिथल्या मराठी मंडळांनीही असे झगे टांगावेत का? माझं मत: नुसतं टांगायचं असेल तर करू नये.

कारण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला १६ नंबरचा हायवे. प्रिन्स रुपर्ट ते प्रिन्स जॉर्ज, सुमारे ७२० किलोमीटर. लोक त्याला 'अश्रूंचा महामार्ग' म्हणतात. घरी गाडी नाही, ग्रेहाउंड या खासगी बसच्या फेऱ्या मोजक्या, म्हणून मुली अंगठा दाखवून अनोळखी माणसाच्या गाडीत बसायच्या. या महामार्गावरच्या २००६ च्या परिषदेने ३३ शिफारशी केल्या. पहिलीच शिफारस गावं जोडणाऱ्या बसची होती. ती सरकारी बस धावायला २०१७ उजाडलं. मधल्या काळात रस्त्याकडेला 'मुलींनो, लिफ्ट मागू नका' असा मोठा फलक लागला होता. दवाखान्यात जायचं तर कशाने जायचं, याचं उत्तर त्या फलकाकडे नव्हतं. जागृती म्हणून लोक जे करतात, त्यातलं बरंचसं असंच मुलींनाच बजावणारं असतं.

शिशिर:
साफ असहमत. मुळात मोजणी कशी सुरू झाली ते बघा. कॅनडाच्या मूलनिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने एकेक नाव गोळा करून २०१० पर्यंत ५८२ जणींची नोंद केली. पोलिसांचा देशभराचा आकडा आला तो २०१४ मध्ये: १९८० ते २०१२ या काळात १,०१७ खून, शिवाय तोवर न सापडलेल्या १६४ बेपत्ता. देशातल्या बायकांत या समाजाच्या बायका ४.३ टक्के, पण खून झालेल्या बायकांत १६ टक्के. व्हँकुव्हरमध्ये १४ फेब्रुवारीला निघणारा बायकांचा मोर्चा तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. इतकी वर्षं रस्त्यावर दाब होता म्हणून राष्ट्रीय चौकशी आयोग बसला आणि जून २०१९ मध्ये त्याने न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या.

झगे टांगायचेच तर नीट टांगा. आधी गावातल्या फ्रेंडशिप सेंटरला, म्हणजे मूलनिवासींच्या मदत केंद्राला विचारा: जमीन मुळात कोणत्या नेशनची (मूलनिवासी समाजाची), कोणत्या घरांत अजून शोध चालू आहे. सुतळी पावसात सैल पडते, म्हणून हँगर पातळ तारेने फांदीला बांधा. झग्याचा घेर जमिनीपासून हातभर तरी वर राहू द्या. रोज एकाने फेरी मारावी. तिसऱ्या दिवशी फाटलेला झगा चिखलात पडलेला दिसला तर तो कोणाच्या तरी आईला दिसतो, हे लक्षात असू द्या.

खडा सवाल:
शिशिर, ते आकडेही पोलिसांच्या वहीतले. वहीत जात-वंशाचा रकाना चुकला की बाई हिशेबातूनच गेली. अमेरिकेत २०१८ मध्ये सिअ‍ॅटलच्या अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूटने (इथे 'इंडियन' म्हणजे मूलनिवासी) ७१ शहरांकडे माहिती मागितली आणि बेपत्ता-खुनाची ५०६ प्रकरणं हाती लागली. सिअ‍ॅटल पोलिसांच्या जुन्या नोंदीत वंशाच्या रकान्यात 'एन' हे एकच अक्षर होतं. त्याचा अर्थ नेटिव्ह धरून यादी दिली गेली. मग कळलं की सत्तरच्या दशकापर्यंत ते 'नीग्रो' या अर्थाने कृष्णवर्णीयांसाठी वापरत. २०१६ मध्ये मूलनिवासी स्त्रिया-मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी होत्या, पण न्याय खात्याच्या बेपत्ता-नोंदणीत त्यांतल्या फक्त ११६. म्हणून फलकावर एकच मागणी लिहा: नोंद करताना कुटुंबाला विचारून रकाना भरा.

कायद्याचा किडा:
रकाना भरला, पुढे खटला कोण चालवणार? तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या ऑलिफंट निकालाने अमेरिकेतल्या जमातींच्या कोर्टांना बिगर-मूलनिवासी आरोपीवर फौजदारी खटला चालवायला बंदी केली. आरोपी बाहेरचा असला की जमातीच्या पोलिसांनी पकडूनही प्रकरण दुसऱ्याकडे सोपवायचं, आणि तिथे ते पडून राहायचं. २०१३ मध्ये कायद्याने घरगुती हिंसेपुरती वाट मोकळी झाली. लैंगिक हल्ला, पाठलाग, मुलांवरचे अत्याचार २०२२ च्या दुरुस्तीत आले. तिथेही आधी जमातीला आरोपीसाठी वकील, कायदा शिकलेला न्यायाधीश, सर्वांतून निवडलेले ज्युरी अशी व्यवस्था उभी करावी लागते. लहान जमातीला त्याचा खर्च झेपत नाही. मागायचं तर हा पैसा मागा.

प्रेअरीकर:
हायवेच्या चित्राबद्दल एक. पोलिसांच्याच अहवालात बहुतेक आरोपी ओळखीचे निघाले. मग धोका घरातही आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या नुनावुट प्रदेशातली २५ गावं एकमेकांना रस्त्याने जोडलेलीच नाहीत. मारणाऱ्या नवऱ्यापासून निघायचं तर विमानाचं तिकीट हवं, आणि गावात सगळ्यांना कळतं की ती आज जाते आहे. निवारा आणि तिकीट, दोन्हीची सोय आधी हवी.

शिशिर:
निवाऱ्याबद्दल दुमत नाही. पण 'ओळखीचे' हा शब्द जपून वापरा. २०१५ मध्ये केंद्रीय मंत्री बर्नार्ड व्हॅलकोर्ट यांनी ७० टक्के खुनी त्याच समाजातले असं म्हटलं आणि सरकारची जबाबदारी बाजूला पडली. तो आकडा तथ्याला धरून नाही, असं आयोगाच्या अंतिम अहवालात स्पष्ट लिहिलं आहे.

वैनगंगा:
मराठी मंडळांसाठी वेगळा मुद्दा: नावं. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि पुढे सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच दुरुस्तीत बलात्कारपीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरला. प्रेअरीकर, जागृतीने काय होतं त्याचा हा आपल्या घरचा दाखला.

तेव्हा नाव झाकायची आपल्याला सवय आहे. तिकडे उलट, मोर्चात नावं मोठ्याने वाचतात, कारण नाव गेलं की शोधही थांबतो. दोन्हींमागे कुटुंबाची इच्छा धरा. नाव, फोटो, उच्चार, तिन्ही त्यांच्याकडून लिहून घ्या आणि बॅनर छापण्याआधी दाखवा.

आणि झग्याखाली एक चिठ्ठी लावा. बेपत्ता झाल्याची तक्रार द्यायला २४ तास थांबायची गरज नाही, कॅनडात असा नियमच नाही. सोबत न्यायचं: अलीकडचा फोटो, उंची, गोंदण, जुन्या जखमांच्या खुणा, अंगावरचे कपडे, फोन नंबर, दंतवैद्याचं नाव, शेवटचं कोणाशी बोलणं झालं. ठाण्यातून निघताना प्रकरण क्रमांक आणि अधिकाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय उठायचं नाही. महिने उलटले तर २०१८ पासून जवळच्या नातेवाइकांचा डीएनए नमुना राष्ट्रीय नोंदीत देता येतो. तो तपास अधिकाऱ्यामार्फतच जातो, म्हणून तो क्रमांक जपून ठेवायचा.