पोटमाळ्यावरची वटवाघळं: धूर करावा की थांबावं?

कौलारू: दापोलीकडच्या घराची कौलं परतायला काढलीयत. पोटमाळ्यावर ती छोटी वटवाघळं आहेत, दिवेलागणीला फटीतून भराभर निघतात आणि सकाळी पडवीत काळ्या बारीक लेंड्या. सुतार म्हणतो धूर करा नि फटी सिमेंटने बुजवा. काल मोठी बाहेर गेल्यावर टॉर्च मारला तर वाशाला उघडी गुलाबी पिल्लं चिकटलेली. माझं मत, महिना-दीड महिना थांबायचं, पिल्लं उडायला लागली की मगच घालवायची.

डोंबिवलीकर: पिल्लांची दया येते, घरातल्या माणसांची नाही? वटवाघळांतून माणसांत येणारा निपाह विषाणू विसरलात? २०१८ ला केरळात कोझिकोडला त्याच्या साथीत काय झालं, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याचं पुण्याच्या एनआयव्हीनेच (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) २०२१ ला सांगितलंय. धूर करा, विषय संपवा.

चष्मिस: अहो सापडल्या म्हणून महाबळेश्वरात साथ नाही आली. आणि धुराने सगळी बाहेर जातात असं कोणी सांगितलं, घाबरून बरीचशी खाली माजघरात उतरतात, मग झाडू घेऊन धावा, कोणीतरी हाताने पकडायला जातो आणि तिथेच चावा बसतो. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे, रेबीजची लस लागते. न हुसकवता राहिलं तर चावण्याची वेळच येत नाही. शिवाय पिल्लं आत कोंडून मेली की वास कोण काढणार?

सुपारीवाला: छोट्यांचं ठीक हो, किडे खातात. पण फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचं कौतुक कोणी सांगू नका. चिकू पिकायला लागला की रात्रभर धिंगाणा, अर्धं खातात अर्धं पाडतात, जाळीचा खर्च आमचा. आधी १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ही मोठी वटवाघळं कावळ्या-उंदरांसोबत उपद्रवी यादीत होती, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच उडवली. शेतकऱ्याला विचारलं होतं?

आक्का: चिकूचं नुकसान खरंय. पण आमच्याकडे त्यांनी चोखून टाकलेल्या उंडीच्या (किनाऱ्यावरचं एक झाड) बिया झाडाखालून गोळा करून कडू तेल काढायचे, हेही खरं.

सुपारीवाला: आक्का, त्या तेलात चिकूचे पैसे सुटत नाहीत.

डोंबिवलीकर: बरं थांबलात, पुढे? कौलारू छपराला शंभर फटी, कुठे कुठे जाळी मारणार?

चष्मिस: दोन-चार संध्याकाळी अंगणात उभं राहून बघा, ठरलेल्या दोन-तीन फटींतूनच निघतात. बाकीच्या आधी बुजवा. त्या फटींवर बारीक जाळी वरून ठोका, खालची बाजू लोंबती मोकळी ठेवा. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. आठवडाभराने पक्कं बंद. लेंड्या मात्र कोरड्या झाडू नका, धूळ छातीत जाते. मास्क लावा, आधी पाणी शिंपडा.

कौलारू: पटलं. कौलं आता पुढच्याच बाजूची परतून घेतो, पोटमाळ्याची बाजू पिल्लं गेल्यावर. सुतार दोन फेऱ्यांची मजुरी मागणार, पण ते चालेल, तोवर पाऊस पडला तर वर ताडपत्री टाकतो.

डोंबिवलीकर: टाका. मी मात्र तोवर तुमच्याकडे मुक्कामाला येणार नाही.