महागडा स्टॅलियन की चांगली मादी? ऑनलाइन रेसिंग गेममधल्या पैदाशीचा पैसा कुठे घालावा

वंशवेल

सीझन संपला, मोठे घोडे निवृत्त झाले की तोच प्रश्न पुन्हा निघतो: नव्या चॅम्पियनची स्टड फी, म्हणजे त्याच्यापासून शिंगरू मिळवण्याची किंमत, परवडत नसली तरी भरावी का? माझं मत स्पष्ट आहे. भरू नये. तो पैसा पैदाशीच्या माद्यांवर घालावा.

अव्वल स्टॅलियन, म्हणजे पैदाशीचा नर, सगळ्यांना खुला असतो. फी भरली की कोणाच्याही तबेल्याला तो मिळतो. म्हणजे त्याच्याकडून येणारा अर्धा वाटा माझ्या शिंगराला मिळतो आणि त्याच शर्यतीत धावणाऱ्या बाकीच्या शिंगरांनाही मिळतो. मग त्यात मी कोणाच्या पुढे गेलो? पुढे जायला जागा उरते ती दुसऱ्या अर्ध्यात, आईकडून येणाऱ्या. ती मादी, तिच्या मुली, तिच्या नाती फक्त माझ्याकडे आहेत. कितीही फी भरली तरी त्या दुसऱ्याला मिळत नाहीत.

पैशाचा हिशेबही तेच सांगतो. फी दर शिंगरामागे जाते, मादीची किंमत एकदाच. ती अनेक सीझन शिंगरं देते, वर मुली ठेवून घेता येतात.

खऱ्या रेसिंगमध्ये अर्बन सी या मादीकडे बघा. 1993 साली तिने पॅरिसची आर्क शर्यत जिंकली. पुढे सॅडलर्स वेल्सपासून तिला गॅलिलिओ झाला, तो 2001 ची एप्सम डर्बी जिंकला. केप क्रॉसपासून सी द स्टार्स झाला, तो 2009 ची डर्बी जिंकला. बाप बदलला, आई तीच. आणि 1973 साली अमेरिकेतली बेलमाँट शर्यत 31 लेंग्थनी, म्हणजे 31 घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकणारा सेक्रेटेरियट? त्याच्या तोडीचा एकही मुलगा त्याला झाला नाही. त्याचं रक्त पुढे गाजलं ते मुलींमधून. स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट या तिन्ही नामांकित स्टॅलियनच्या आया त्याच्या मुली होत्या.

फोटोफिनिश

अजिबात पटलं नाही.

अर्बन सीची गोष्ट तुम्ही सोयीच्या जागी थांबवलीत. तिचा मुलगा गॅलिलिओ ब्रिटन-आयर्लंडमध्ये 12 वेळा चॅम्पियन सायर, म्हणजे वर्षाचा अव्वल बाप, झाला. अर्बन सीला आयुष्यात शिंगरं होऊन होऊन किती होणार? गॅलिलिओचा वंश जगभर पसरला. 14 पैकी 14 शर्यती जिंकलेला फ्रँकेल त्याचाच. आणि फ्रँकेलची आई काइंड कोणाची मुलगी, तर डेनहिलची, म्हणजे आणखी एका महान स्टॅलियनची. तुमच्या उत्तम माद्या येतात कुठून? उत्तम बापांपासूनच.

पैदासशास्त्रातली जुनी गोष्ट आहे. नर थोडे लागतात, म्हणून नरांची निवड कडक करता येते. शेकड्यातला एक नर निवडता येतो, माद्या मात्र निम्म्याअधिक ठेवाव्याच लागतात. त्यामुळे सुधारणा मुख्यतः नराच्या बाजूने येते. गेममध्येही गणित हेच आहे.

शिवाय चॅम्पियन सगळ्यांना खुला आहे म्हणून तो वापरू नये, हा तर्क उलटा आहे. सगळे वापरतात आणि तुम्ही वापरत नाही, तर प्रत्येक शिंगरू सुरुवातीलाच मागे. आधी मागे पडणं थांबवा, पुढे जायचं नंतर बघू.

खोगीर

+1 फोटोफिनिश. शिवाय मादी चांगली आहे हे कळणार कसं? सीझनला एकच शिंगरू. ते मंद निघालं तर दोष आईचा की नशिबाचा, हे ठरेपर्यंत मादी म्हातारी होते.

वंशवेल

खोगीर, मुद्दा रास्त आहे. म्हणूनच मी मादीला एकट्या तिच्या शिंगरांवरून तोलत नाही. तिच्या बहिणी, आईची बाकीची शिंगरं, मावश्यांची शिंगरं बघतो. चार बहिणी वेगवेगळ्या बापांपासून बरी शिंगरं देत असतील, तर त्या आजोळात काहीतरी आहे. अशा घरातली न जिंकलेली मादी लिलावात स्वस्तात मिळते, कारण बहुतेकांची नजर तिच्या स्वतःच्या शर्यतींपलीकडे जात नाही.

फोटोफिनिश, स्टॅलियन टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप पहिल्या सीझनच्या फीवर आहे. चॅम्पियनच्या विजयांत त्याची जनुकं असतात, तसा जॉकी असतो, सोयीचं अंतर असतं, कमकुवत प्रतिस्पर्धी असतात, नशीब असतं. यातली फक्त जनुकं शिंगरात उतरतात, पण फी सगळ्याची लागते. दोन सीझन थांबा, त्याची पहिली शिंगरं धावू द्या. ज्याची शिंगरं आपापल्या आयांपेक्षा सरस धावतात तो खरा स्टॅलियन, आणि तोवर निम्म्यांची फी उतरलेली असते. खऱ्या बाजारातही भाव आणि पाय यांचा मेळ बसतोच असं नाही. द ग्रीन मंकी 2006 साली 1 कोटी 60 लाख डॉलरला विकला गेला. तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही.

फोटोफिनिश

थांबण्याचीही किंमत असते, ती तुम्ही धरलेलीच नाही. दर वर्षाची सुधारणा काढायची तर निवडीचा कडकपणा, निवडीची अचूकता आणि जनुकांमधली विविधता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला पिढीच्या अंतराने भागायचं. थांबलात की अचूकता वाढते, पण भागाकारातला आकडाही वाढतो. तुम्ही एक पिढी काढता तोवर मी दोन काढतो. त्यातली काही शिंगरं वाया गेली तरी माझा कळप पुढेच असतो. दुधाळ गायींच्या पैदाशीत मुलींचं दूध मोजून वळू ठरवायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. 2009 च्या सुमारास जनुकीय चाचण्या अधिकृतपणे वापरात आल्या, तेव्हा कोवळे वळू वापरायला सुरुवात झाली आणि सुधारणेचा वेग वाढला. थांबणाऱ्यांना तिथेही मागे पडावं लागलं.

वंशवेल

त्या कोवळ्या वळूंची जनुकं तपासलेली होती. आपल्या गेममध्ये जनुकं लपलेली आहेत, दिसतात फक्त शर्यतींचे निकाल. तुम्ही वेग घेताय, पण अचूकतेशिवाय.

नवखा तबेला

मध्येच विचारतो, क्षमस्व. चॅम्पियन घ्या किंवा मादी, पण वंशावळीत एकच पूर्वज 4×3, म्हणजे एका बाजूने चौथ्या आणि दुसऱ्या बाजूने तिसऱ्या पिढीत, आला पाहिजे, 18.75 टक्के रक्त म्हणजे हमखास जिंकणारं शिंगरू, असं खूप जण सांगतात. खरं आहे का?

गणिती

ही समजूत जपानी रेसिंगमधून आणि तिथल्या गेममधून पसरली आहे. आकडा बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

तिसऱ्या पिढीतल्या पूर्वजाचा वाटा 12.5 टक्के, चौथ्या पिढीतल्याचा 6.25, बेरीज 18.75. हा झाला रक्ताचा वाटा. शिंगराच्या एखाद्या जनुकजोडीत दोन्ही प्रती त्याच पूर्वजाकडून येण्याची शक्यता वेगळी असते. ती जनुकशास्त्रज्ञ राइटच्या सूत्राने काढतात आणि 4×3 ला ती जेमतेम 1.56 टक्के भरते. 3×3 ला 3.13, 3×2 ला 6.25, सावत्र भावंडांच्या जोडीला 12.5. म्हणजे 4×3 फार सौम्य आहे. त्यात चमत्कार नाही आणि मोठा धोकाही नाही.

जवळच्या रक्ताचे थोर घोडे आहेतच. डेनहिल नॅटाल्मा या मादीवर 3×3 होता. 2017 आणि 2018 ची आर्क जिंकणारी एनेबल सॅडलर्स वेल्सवर 3×2. पण अशा जोड्यांतून आलेली आणि शर्यतीपर्यंत पोचलीच नाहीत अशी शिंगरं कोणाच्या लक्षात राहत नाहीत. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीवरच्या जनुकीय अभ्यासात हेच दिसलं आहे की जवळच्या रक्ताचं प्रमाण वाढलं की शिंगरू कधीतरी शर्यतीत उतरण्याची शक्यता कमी होते.

आता गेमपुरती एक गोष्ट, जी वंशवेल आणि फोटोफिनिश दोघांच्याही बोलण्यातून सुटली आहे. जे आईबाप स्वतः जवळच्या रक्तातून आलेले असतात, त्यांच्या बऱ्याच जनुकजोड्या एकसारख्या असतात. मग शिंगरांना वाटायला वेगळं काही उरत नाही आणि भावंडं एकमेकांसारखी निघतात. बाहेरच्या रक्तातून आलेले आईबाप असतील तर भावंडांत खूप फरक पडतो. काही अगदीच टाकाऊ, एखादं अफलातून. तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा. मधल्या वर्गाच्या शर्यतींतून दर आठवड्याला बक्षीस हवं असेल तर सारखेपणा चांगला. सीझनची सर्वांत मोठी शर्यत जिंकायची असेल तर सरासरीला काही किंमत नाही, टोकाचं एक शिंगरू पुरतं. त्यासाठी फरक वाढवावा लागतो, म्हणजे दूरच्या घराण्यांतले आईबाप आणि जास्त शिंगरं. चॅम्पियनच्या एका फीच्या पैशांत मध्यम स्टॅलियनची चार शिंगरं होत असतील, तर मी चार घेईन.

खोगीर

चार शिंगरांचा खुराक, ट्रेनिंग आणि तबेल्यातली जागा? तेही धरा. माझ्याकडे जागा संपते, पैसे नंतर.

गणिती

बरोबर. म्हणून कमकुवत शिंगरू लवकर विकायचं. ट्रेनिंगचा पहिला टप्पा झाला की जे मागे आहे ते लिलावात. ज्याला विकवत नाही त्याने चार शिंगरांचा मार्ग धरू नये.

वंशवेल

गणितींच्या मुद्द्यातूनच मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती गोष्ट निघते. दूरचं घराणं आणायचं कुठून? सगळे तबेले प्रत्येक सीझनला त्याच दोन-तीन स्टॅलियनकडे धावतात. काही सीझननी बाजारातली जवळजवळ प्रत्येक मादी एकाच आजोबाची नात असते. आज कोणाची वंशावळ उघडा, तीच नावं. खऱ्या थरोब्रेडमध्येही हे झालं आहे. बहुसंख्य घोड्यांची नरबाजू डार्ली अरेबियन या एकाच घोड्यापर्यंत जाते आणि 1961 साली जन्मलेल्या नॉर्दर्न डान्सरचं नाव आजच्या वंशावळींत अनेक वेळा येतं. पण तिथे निदान वेगवेगळ्या देशांतले वंश होते. आपल्याकडे एकच कुरण आहे.

म्हणून मी पुन्हा मागणी करतो की एका स्टॅलियनला सीझनमध्ये किती माद्या, यावर गेमने मर्यादा घालावी.

फोटोफिनिश

थरोब्रेडची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेच्या जॉकी क्लबने 2020 साली हेच केलं होतं. 2020 आणि त्यानंतर जन्मलेल्या घोड्यांना वर्षाला 140 माद्यांची मर्यादा. मोठ्या स्टड फार्मांनी कोर्टात आव्हान दिलं आणि 2022 साली नियम मागे घेतला गेला. मर्यादा आली की जागा श्रीमंत तबेले आधी अडवतात. नव्याला चांगलं रक्त मिळेनासं होतं. नवखा तबेला आत्ता विचारतोय, त्याला दहाव्या सीझनच्या आधी कोणी चॅम्पियन देणार नाही.

मला दुसरा उपाय मान्य आहे. प्रत्येक बुकिंगनंतर फी चढत जावी. ज्याला गर्दीत जायचंय त्याने किंमत मोजावी, बाकीचे आपोआप दुसऱ्या घोड्याकडे वळतील.

वंशवेल

चढती फीसुद्धा श्रीमंतांनाच परवडते, फोटोफिनिश. मर्यादेतल्या जागा सोडतीने वाटा, मग कोणी अडवणार नाही.

नवखा तबेला

सोडत असेल तर मी मर्यादेच्या बाजूने. आणि तोवर वंशवेल म्हणतात तशी मादी शोधतो. न जिंकलेली, पण बहिणी चांगल्या. लिलाव आज रात्री बंद होतोय, कोणाची नजर गेली असेल तर आईच्या बाजूच्या तीन पिढ्या इथे टाका.