विषय: ‘वर स्केल होणारे’ विषयच घ्यायचे का? (व्हीसीई/एटार)

नमस्कार मंडळी,

लेक इयर टेनमध्ये आहे आणि शाळेने व्हीसीईचे (इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या, अकरावी-बारावीचे) विषय भरून मागितलेत. ज्याला विचारावं तो म्हणतो, स्पेशालिस्ट मॅथ्स (सगळ्यांत अवघड गणित) घ्या, वर स्केल होतं, म्हणजे मार्क चढवून मिळतात. तिचा ओढा लिटरेचर आणि इकॉनॉमिक्सकडे. गणित बरं आहे, पण स्पेशालिस्ट झेपेल असं वाटत नाही. आवडीचे विषय घेतले आणि एटार (ज्यावर युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळतो तो आकडा) पडला तर? आणि हिंदी घेतलं की पाच मार्क फुकट मिळतात हे खरं का? आम्हा दोघांची धाव बारावीच्या टक्क्यांपर्यंत, तेव्हा जरा उलगडून सांगा.

– इयर टेनच्या मुलीची आई

*

ताई, नमस्कार.

आधी टक्के डोक्यातून काढा. एटार म्हणजे मार्क नव्हेत, क्रमांक आहे. ८० आला म्हणजे मुलगी आपल्या वयाच्या साधारण ८० टक्के मुलांच्या पुढे, आणि त्यात व्हीसीई न केलेली मुलंही धरतात. वरचं टोक ९९.९५. त्यामुळे ७५ आले की आपल्या घरांत जे सुतक पाळलं जातं, त्याला काही अर्थ नाही.

एकेका विषयाचा स्टडी स्कोअरही क्रमांकच. ५० पैकी, सरासरी ३०. चाळिशी गाठणारी शंभरात जेमतेम आठ-नऊ.

आता स्केलिंग, म्हणजे हे स्टडी स्कोअर वर-खाली सरकवणं. विषय कठीण म्हणून वर आणि सोपा म्हणून खाली, असं ते नाही. तो विषय घेणाऱ्या मुलांनी त्यांच्या बाकीच्या विषयांत काय दिवे लावले, हे व्हीटॅक (राज्यातले युनिव्हर्सिटी प्रवेश पाहणारी संस्था) दर वर्षी नव्याने पाहते. स्पेशालिस्टला बसणारी पोरं सगळीकडेच तगडी, त्यामुळे त्या घोळक्यात ३० काढणंच मुश्किल. स्केलिंग त्याची भरपाई करतं, बक्षीस देत नाही. तिथे २० पडले तर कितीही चढवले तरी ते लिटरेचरच्या ३८ ला गाठणार नाहीत.

बेरीज कशी होते ते पाहा, खरी गोम तिथे आहे. इंग्लिश गटातला एक विषय पूर्ण धरतात, आवडो न आवडो. त्यानंतरचे सर्वांत चांगले तीन पूर्ण. पाचव्या-सहाव्याचे फक्त १० टक्के. समजा स्केल होऊन इंग्लिश ३३, केमिस्ट्री ४१, मेथड्स (स्पेशालिस्टच्या खालच्या पायरीचं गणित) ४०, इकॉनॉमिक्स ३६ आले, तर १५०. पाचवा ३४, सहावा ३०, म्हणजे आणखी ३.४ आणि ३. एकूण १५६.४. आता पोरीने सहाव्यात ५ वाढवले तर बेरजेत अर्धा वाढेल, इंग्लिशमध्ये ५ वाढवले तर पूर्ण ५. तरी आपल्याकडे ट्यूशन लागते ती गणिताची, आणि इंग्लिश ‘येतंच की’ म्हणून वाऱ्यावर. तुमच्या मुलीचं लिटरेचर याच इंग्लिश गटात मोडतं, म्हणजे आवडीचा विषयच सक्तीच्या जागी बसवता येईल.

हिंदीचं अर्धं खरं. परक्या भाषा शिकाव्यात म्हणून सरकारी धोरणानुसार प्रत्येक भाषेची स्केल झालेली सरासरी पाचाने वर नेतात. पण वर्गात निम्मी मुलं घरी हिंदी बोलणारी असली तर तुमचा क्रमांक त्यांच्यात लागणार. तोंडी परीक्षा असते, लेखीही असते. मालिका पाहून आलेलं हिंदी तिथे पुरत नाही.

माझ्या मते स्केलिंगच्या तक्त्याआधी प्रीरिक्विझिट, म्हणजे कोर्सला सक्तीचे विषय, पाहावेत. मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या कॉमर्सला मेथड्स लागतं. एटार ९८ असला आणि मेथड्स नसलं तर तिथे दार बंद. इकॉनॉमिक्सची आवड आहे म्हणता, तर स्पेशालिस्ट सोडा, पण मेथड्स सोडण्याआधी दहादा विचार करा. कोर्सनिहाय अटी व्हीटॅकच्या साइटवर आहेत, मुलीला शेजारी बसवून वाचा.

– ज्याची दोन्ही मुलं यातून पार पडली तो काका

*

काका, फार आभार. एकच शंका. तिची शाळा सॅकला (शाळेतच होणाऱ्या व्हीसीईच्या चाचण्यांना) फार हात आखडून मार्क देते म्हणतात. शेजारच्या शाळेत सढळ हाताने मिळतात. शाळा बदलावी का?

*

ताई, त्यासाठी मुळीच नको. सॅकचे मार्क जसेच्या तसे जात नाहीत. त्या शाळेची मुलं बाहेरच्या परीक्षेत कशी उतरतात ते पाहून ते वर-खाली सरकवले जातात. सढळ शाळेतले ९० खाली येतात, कडक शाळेतले ७० वर जातात. वर्गात मुलगी कितवी, ते मात्र टिकतं. म्हणून सॅकनंतर ‘किती मिळाले’ यापेक्षा ‘कितवी आलीस’ विचारा. रोज नका विचारू.

एक राहिलं. मुलीची तयारी असेल तर इयर इलेव्हनमध्येच एखादा युनिट ३-४ चा (एरवी बारावीला असणारा) विषय उरकता येतो. तो स्कोअर एटारला धरतात आणि शेवटच्या वर्षी एका विषयाचा बोजा कमी होतो. शाळा परवानगी देते का, हे फॉर्म भरायच्या आधी करिअर्सच्या शिक्षकांना विचारून घ्या.

– काका