मदत हवी आहे: काखेतील जुनाट गळवे आणि क्षयजंतूंच्या संसर्गाची मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह, आधी शस्त्रक्रिया करावी की इंजेक्शन घ्यावे?

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीच्या आजाराविषयी मी हे लिहीत आहे आणि तिला विचारूनच लिहीत आहे. तिचे वय 27 आहे आणि सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखान्यात ती शिलाईचे काम करते. गेली चार वर्षे तिच्या दोन्ही काखांत, त्यातही डाव्या काखेत अधिक, गळवे येतात, फुटतात, बसतात आणि महिना-दीड महिन्यात त्याच जागी किंवा बोटभर अंतरावर पुन्हा डोके वर काढतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ठणका हमखास वाढतो.

आमच्या घरात याला काखमांजरी म्हणतात. त्यामुळे पहिली दोन वर्षे हा उष्णतेचा विकार समजून चुना-गुळाचा लेप आणि पोटीस यांतच गेली. नंतर एका दवाखान्यात तीन वेळा चीर देऊन पू काढला. दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या आणि दर वेळी 'स्वच्छता पाळत जा' असे तिला ऐकवण्यात आले. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण त्या एका वाक्यामुळे ती दिवसातून तीन-तीन वेळा काख साबणाने घासू लागली आणि तिथली कातडी सोलून निघाली.

गेल्या वर्षी त्वचारोगतज्ज्ञांनी काख पाहिली आणि हा हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा असल्याचे सांगितले. केसाच्या मुळाभोवतीची नळी तोंडाशी बुजते, फुगते आणि आतल्या आत फुटते. मग तिच्याभोवती दाह भडकतो आणि घामाच्या ग्रंथी त्यात मागाहून सापडतात, असे त्यांनी समजावले. हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकल्यावर माझी बहीण तिथेच रडली. शेजारी-शेजारी दोन तोंडे असलेले काळे ठिपके ही या आजाराची खूण त्यांनी आम्हांला भिंगातून दाखवली. डाव्या काखेत कातडीखाली पू वाहणाऱ्या दोन नाड्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, तयार झाल्या आहेत, परंतु मधली त्वचा अजून निरोगी आहे, म्हणून या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या हर्लीच्या तीन पायऱ्यांपैकी तो दुसऱ्या पायरीवर आहे.

त्याच वेळी काखेत खोलवर एक अवधाणही (सुजलेली लसीकागाठ) हाताला लागत होते. हाताकडून, छातीच्या भिंतीकडून आणि स्तनाकडून येणारी लसीका, म्हणजे ऊतींतून निचरणारा द्रव, काखेतल्या वीस-तीस गाठींतून गाळली जाते. त्यामुळे ही गाठ केवळ गळवामुळे आली असेल असे गृहीत न धरता डॉक्टरांनी सुईने पेशी काढून तपासल्या आणि स्तनांची सोनोग्राफीही करून घेतली. क्षयरोग किंवा कर्करोग यांपैकी काही आढळले नाही. मधुमेहही नाही. वजन मात्र 74 किलो आहे, ते कमी करण्यास सांगितले आहे. ती धूम्रपान करत नाही, पण मिश्री लावत असे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तीही तिने सोडली आहे.

क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिन या प्रतिजैविकांच्या गोळ्या दहा आठवडे घेतल्यावर उजवी काख जवळजवळ कोरडी झाली. डावी मात्र दोन महिन्यांत पूर्ववत वाहू लागली. आता आमच्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग दाह रोखणाऱ्या अडॅलिमुमॅब इंजेक्शनचा: सुरुवातीला 160 मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी 80 आणि चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला 40. अडचण अशी की, आमच्या वडिलांना आठ वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता, आम्ही सर्व जण तेव्हा दोन खोल्यांत राहत होतो आणि बहिणीची मॅन्टू चाचणी 14 मिलिमीटर, म्हणजे पॉझिटिव्ह आली आहे. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. तरीही शरीर ज्या द्रव्याच्या जोरावर सुप्त क्षयजंतूंना कोंडून ठेवते, नेमके तेच द्रव्य हे औषध रोखते. म्हणून आधी आयसोनियाझिड हे क्षयरोगाचे औषध सुरू करावे लागेल आणि किमान एक महिन्यानंतरच इंजेक्शन देता येईल, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा: नाड्यांवरचे छत उघडून तळ खरवडणे, किंवा तेवढी त्वचा पूर्ण काढून मांडीवरची त्वचा तिथे लावणे. काखेतून हाताची मुख्य धमनी, शीर आणि मज्जातंतूंचे जाळे जाते, याचीच मला सर्वाधिक धास्ती होती. आजार त्वचा आणि चरबीच्या थरात आहे, हे सर्व त्याहून खोल असते, असे शल्यचिकित्सकांनी चित्र काढून समजावले. दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो आणि व्रण आखडला तर हात वर जाणे अवघड होते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

तिचे सर्व काम हातांवर आहे. जुन्या धोतराची चौपदरी घडी काखेत धरून ती मशीनवर बसते आणि डावे कोपर अंगाशी आवळून टॉवेलची कड पुढे सरकवते. दुपारपर्यंत ती घडी जखमेला इतकी चिकटते की पाण्याने भिजवल्याशिवाय निघत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांवर गेल्यावर काय होत असेल, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

ज्यांनी स्वतः किंवा घरातल्या कोणी हे अनुभवले आहे, त्यांनी कृपया सांगावे. मॅन्टू चाचणी पॉझिटिव्ह असताना हे इंजेक्शन कोणी घेतले आहे काय, आणि पुढे क्षयरोगाची तपासणी किती दिवसांनी करत गेले? शस्त्रक्रियेनंतर जखम उघडी ठेवून भरू दिली होती की त्वचा लावली होती, आणि हात डोक्यापर्यंत नेऊन वेणी घालता येण्यास किती आठवडे लागले? जखमेला न चिकटणारी आणि घामातही टिकणारी पट्टी कोणती वापरली? ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसवून घेतलेले कोणी असल्यास कोणती कागदपत्रे लागली, तेही कळवावे. सोलापुरात नसेल तर पुण्याला जाण्याची आमची तयारी आहे.

लेप, काढे आणि घरगुती उपाय कृपया सुचवू नयेत. ते सर्व करून झाले आहे. शल्यचिकित्सकांनी निर्णयासाठी पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बोलावले आहे, म्हणून त्याआधी आलेले प्रत्येक उत्तर मी तिला वाचून दाखवीन.